डोंगऱ्यांचा माळ

कंडक्टरनं माझं पोतं पायानं बाजूला सारलं आणि म्हणाला, "बाई, असला चिखल गाडीत चालत नाही." चिखल कसला मेल्या! अळवाचे गड्डे होते ते, ओल्या मातीसकट पोत्यात बांधलेले. मी पोतं उचललं, पुन्हा गाडीत चढवलं आणि त्याच्यावरच बसले. कडेवर पोर, डोईवर पदर आणि बुडाखाली अळू. काढ म्हटलं आता. मागून हौसाकाकी कडाडली, "आरं, तुजी गाडी कालची, आन आमचं आळू आज्याच्या आज्याचं. चल गुमान!" सगळी गाडी हसली आणि कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. तिकीट फाडताना त्यानं विचारलं, "कुठं जायचं?" तेव्हा मात्र माझी बोबडी वळली. जायच्या गावाचं नावच मला ठाऊक नव्हतं. बावधनच्या अलीकडं रस्त्याला खडी फोडायचं काम निघालंय, तिथं उतरा, एवढंच मुकादम बोलला होता.

आमच्या धरणावरच्या वाडीतली पाच-सहा बिऱ्हाडं त्या दिवशी खाली उतरली. माझे सासरे, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, ते गाडीपर्यंत आले नाहीत. उंबऱ्यातूनच आम्हा नवराबायकोला म्हणाले, "जाताय तर जावा. पर कुटं पाव्हनं म्हनून ऱ्हाऊ नगा." त्यांच्या ऐन उमेदीत आमची भाताची खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली होती. मग वाडी वर सरकली, उताराला नाचणी-वरईवर जगायला लागली. वैशाखात पाणी हटलं की आबा खाली जायचे, उघड्या पडलेल्या जुन्या बांधावरून चालून यायचे. आपल्याच वावरात वर्षातून एकदा पाहुण्यासारखं जायचं, याचा त्यांना फार संताप होता. तो संताप त्यांनी आम्हाला शिदोरीत बांधून दिला, असं आता वाटतं.

तिकडं डोंगरावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाठोडं बांधून खाली उतरलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. वर राहिलेले म्हणतात, खाली गेली ती सुखाला लागली. खाली आलेले म्हणतात, आमचं सगळं तिकडंच राहिलं. दोन्हीकडचं रडगाणं ऐकून माझे कान किटले आहेत. आमच्या माळावर काय झालं ते ऐका आणि मग काय ते बोला.

गावानं आम्हाला उतरायला जागा दिली ती शाळेमागचा माळ. नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. पंच म्हणाले, "ऱ्हावा वरीस-दोन वरीस, रस्ता हुईस्तवर." गावात आमचं नाव पडलं डोंगरे. विहिरीवर गेलं की बायका म्हणायच्या, "आल्या बया डोंगरणी." आमच्या बोलण्याची नक्कल व्हायची, आमच्या चापूनचोपून नेसण्याची व्हायची. वाईट वाटायचं का? वाटायचं की. रात्री पोर निजलं की रडू यायचं. पण दिवसा रडायला सवड नव्हती, दिवसभर हातात हातोडा आणि पुढ्यात खडी.

पहिल्या पावसाळ्यात हौसाकाकी माळावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ही माझ्या नवऱ्याची चुलती, तरुणपणीच कुंकू पुसलेली, आणि जीभ अशी की विळ्यानं सोलावं लागणार नाही, बोलण्यानंच सोलून निघेल समोरचा. म्हणाली, "सगुणे, हितं काय बी उगवत न्हाई म्हंत्यात. आपुन काय तितं लोन्यात पेरत हुतो व्हय?" आणि तिनं इर्जिक घातली.

खाली आलेल्यांच्या पोरांना आता इर्जिक सांगावी लागते, म्हणून सांगते. एकाचं काम अडलं की सगळी वाडी त्याच्या रानात उतरते. मजुरी नाही, मोल नाही. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पंगतीला बसवून जेवू घालायचं, आणि पुढं दुसऱ्यानं हाक मारली की आपण जायचं. ज्यानं एकदा वाढलं, त्याला पुढच्या हाकेला नाही म्हणता येत नाही. बस, एवढाच कायदा. हा कायदा चावडीत लिहिलेला नाही आणि आजवर कुणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

रस्त्याच्या कामाला सुट्टी असली की आम्ही बायका माळावर. दगड वेचायचे, उताराला आडव्या ताली, म्हणजे दगडांचे बांध, घालायच्या, ओढ्याकाठचा गाळ पाटीनं आणून आत भरायचा. पाऊस पडला की अळू, करांदे, काकडी, दोडका. श्रावणात भलरीची गाणी म्हणत खुरपणी. गौरीला भाज्या निघायच्या त्या आमच्या झोपड्यांत आणि शाळेत उपाशी येणाऱ्या पोरांत वाटून टाकायच्या. थंडीत पावटा, वाल, मेथी, विहिरीच्या कळश्यांनी जगवलेली. आणि होळीनंतर पुढच्या सालाची जमीन भाजायची. असं आमचं वर्ष चालायचं.

दुसऱ्या साली एक तरुण ग्रामसेवक आला, पुण्याचा, सायकलवाला. आमचं काम बघून तो हरखला. "ताई, हे तर श्रमदान! आपण तुमचं महिला मंडळ करू या." केलं. शाळेच्या भिंतीवर पाटी लागली. वनमहोत्सवाला ब्लॉकचे साहेब जीपमधून आले, फोटो काढून घेत एक रोप लावलं आणि चहा पिऊन गेले. त्या रोपाला मग कळशीभर पाणी घालायची आठवण कुणाला झाली नाही. हौसाकाकी त्याच्या वाळक्या काडीकडं बघून म्हणायची, "सायबाचा फोटू कसा हाय? जगला का?" ग्रामसेवक बिचारा लाजायचा. पोरगा चांगला होता. आमच्याबरोबर पाट्या उचलायचा, तळहाताला फोड आले ते दाखवत हिंडायचा.

आता ती आग.

आमच्याकडं रोपांसाठी राब भाजतात. सुका पाला, फांद्या, शेण आणि गवत यांचे थर वाफ्यावर पसरायचे, वर माती भुरभुरायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेत रोपं तरारून येतात. पेटवायचा तो वरच्या अंगानं, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश खाली सरकते. बाया पाय पसरून गप्पा मारत बसतात, इतकं ते बिनघोर काम. डोंगरावर वाऱ्याची वाट ठरलेली असते. माळावर मात्र चैत्रात भर दुपारी वावटळ उठते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

गरगरत आली मेली. पेटलेला पाला उचलला, शाळेच्या कौलांवरून नेला आणि पलीकडं आक्कांच्या कडब्याच्या गंजीवर टाकला. आक्का म्हणजे गावातल्या थोरल्या घरच्या कर्त्या बाई. नवरा देवाघरी गेल्यावर शेत, गोठा, गडीमाणसं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं, आणि पंचसुद्धा त्यांच्या तोंडाकडं बघून बोलायचे. आम्ही हंडे-कळश्या घेऊन धावलो. माझ्या हातावर भाजल्याचा डाग अजून आहे. पण कडबा तो कडबाच. वर्षाची वैरण डोळ्यांदेखत गेली. गोठ्यातली जनावरं हंबरत होती आणि आक्का काही न बोलता उभ्या होत्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी चावडी भरली. एक पंच म्हणाले, "आज गंज जाळली, उद्या गाव जाळतील. उठवा ही ब्याद." पुरुष माना खाली घालून बसले होते, आमचे मालकसुद्धा. शेवटी ठरलं, पावसाळ्यात पोरंबाळं घेऊन कुठं जातील, म्हणून दिवाळीपर्यंत मुदत. दिवाळीला माळ रिकामा करायचा. मला राहवलं नाही. मी पदर खोचून उभी राहिले आणि म्हटलं, "जळालं त्ये आमच्या हातनं जळालं, आमी भरून देऊ. पर उठनार न्हाई." सगळी चावडी माझ्याकडं बघत राहिली. बायकांनी तिथं बोलायची रीत नव्हती. आक्कांनी फक्त एकदा वर बघितलं.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "भरून कशातनं देनार? तुज्या आळवातनं?" खरं सांगते, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दिवाळीनंतर पोर घेऊन कुठल्या रस्त्याच्या कडेला चूल मांडायची? वर डोंगरावर परत जायचं तर आबांना तोंड कसं दाखवायचं? दोनदा उठलेल्या घरानं तिसऱ्यांदा उठायचं?

पाऊस लागला तसं गावाला वाटलं, आता या हातपाय गाळतील. हौसाकाकीनं आंब्याच्या कोया आणि फणसाच्या आठळ्या गोळा केल्या आणि माळाच्या कडेनं ओळीत लावायला घेतल्या. ग्रामसेवक घाबरून म्हणाला, "काकी, अहो फणसाला फळ धरायला किती वर्षं लागतात! तुम्हाला तर दिवाळीला जायचं आहे ना?"

"तुला जायाचं आसल तर जा," काकी म्हणाली. "जानारं मानूस आंबा लावतंय व्हय? बघू दे गावाला."

आणि गावानं बघितलं. आम्ही रोज त्या ओळीला आळी, कुंपण, खत असं करत होतो आणि रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. कुणी हसायचं, कुणी थुंकायचं. शाळेच्या पोरांनी मात्र एकेक झाड वाटून घेतलं होतं. त्या पावसाळ्यात आमचं अळू असं माजलं, की पानाखाली पोर लपावं. वड्या करून मी विहिरीवर नेल्या. बायकांनी घेतल्या नाहीत. ठीक आहे म्हटलं, आम्हीच खाल्ल्या, तिथंच बसून, त्यांच्यासमोर.

नवरात्राच्या सुमारास मालक वर वाडीला जाऊन आले. आबांना सगळं सांगितलं. आबा उठले आणि त्यांनी घरोघरी हाक दिली म्हणे. वाडीला शेत कमी, पण उताराला गवत कंबरेइतकं. दसऱ्यानंतर अख्खी वाडी विळे घेऊन डोंगरात उतरली. आम्हीही गेलो. खाली गेलेले आणि वर राहिलेले एका ओळीत गवत कापत होते. कुणी कुणाला विचारलं नाही, की कुणाचं सुख जास्त.

वसुबारसेच्या सकाळी गवतानं लादलेल्या गाड्या आक्कांच्या दारात उभ्या राहिल्या. पुढच्या गाडीवर आबा. आक्का अंगणात गाय-वासराची पूजा करत होत्या. हातातलं निरांजन तसंच राहिलं. आबा उतरले, रामराम केला आणि नुसतं विचारलं, "गंज कुटं रचायची?" गड्यानं बोटानं जागा दाखवली. तीच जागा, जिथं माती अजून काळी होती.

दुपार कलेपर्यंत आम्ही गंज रचली. वरून गवताचीच नीट शाकारणी केली, पाऊस आला तर ओघळून जावा अशी, डोंगरावर करतात तशी. काम उरकल्यावर हातपाय धुऊन आम्ही सगळे अंगणात ओळीनं बसलो. तेवढ्यात गडी भाकऱ्यांची चवड घेऊन आला. प्रत्येकाच्या हातावर भाकरी, वर चटणीचा गोळा. रोजगाऱ्याला देतात तशी.

हौसाकाकीनं हात मागं घेतला. "ही कुनाची?"

"तुमची. आक्कांनी धाडली."

"मजुराची भाकर मजुराला दे, बाबा. आमी इर्जिकीला आलोय. पंगत वाढा, न्हाईतर उपाशी जातो."

गडी आत गेला. आक्का बाहेर आल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला, इतके दिवस त्या आमच्याशी बोलल्याच नव्हत्या. "इर्जिकीला मी बोलावलं हुतं का तुमाला?"

मी म्हटलं, "आक्का, आग इझवायला तरी कुटं बोलावलं हुतं? आलोच न्हवं?"

"लावली कुनी ती?"

"आमीच लावली. म्हनून तर गवत आनलंय. पर भाकर हातावर घ्येनार न्हाई. मोलानं आलेलो न्हाई आमी."

पोटात कावळे ओरडत होते, सकाळपासून कुणाच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. पोरं भाकरीच्या चवडीकडं टक लावून बसली होती. माझी पोर तर हुंदके देत होती. एकानं जरी त्या क्षणी हात पुढं केला असता, तर आम्ही माळावरून उठलो असतो. दिवाळीनंतर नाही, तिथंच, त्या अंगणात. मी मनात म्हणत होते, कुणी हलू नका रे, कुणी हलू नका.

मग आबा बोलले, अगदी मऊ आवाजात. "आक्का, वाढनार नसाल तर तसं सांगा. राग न्हाई. उपाशी आलो तसं उपाशी जाऊ. पर आमी पंगतीतनंच उटनार."

आक्का आत गेल्या. दार लोटलं. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं चुलीचा धूर कौलातून वर आला. मग पिठल्याच्या फोडणीचा वास आला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, उन्हं उतरायला लागली होती. आक्का पदर खोचून बाहेर आल्या त्या पत्रावळ्या घेऊन, आणि गड्याला हात लावू न देता स्वतः वाढायला लागल्या. भात, पिठलं, वर तुपाची धार. वाढता वाढता पुटपुटत होत्या, "मेल्यांनो, गंज जाळून वर पंगतीला बसताय! लाज न्हाई, लज्जा न्हाई. घ्या आजून. घे गं, पोरीला कालवून दे आदी."

मी घास कालवला आणि मला रडू कोसळलं. हौसाकाकी मात्र दुसऱ्यांदा भात मागून घेत होती. जेवण झाल्यावर तिनं हात धुतले, आक्कांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "जेठात माळावर इर्जिक हाय आमची. ताली फुटल्यात. खुरपं घिऊन या." आक्कांनी कपाळाला हात लावला. वाढलं होतं ना! आता कायदा त्यांच्याही गळ्यात पडला.

दिवाळी आली आणि गेली. चावडीत मुदतीचा विषय कुणी काढला नाही, आम्हीही काढून दिला नाही. जेठात सकाळी सकाळी आक्का माळावर आल्या, डोक्यावर पदर, हातात खुरपं. म्हणाल्या, "कुटनं धरू?" त्यांना धरून गावातल्या बायका हळूहळू यायला लागल्या, काही मनानं, काही आक्कांच्या धाकानं. राब आम्ही अजून भाजतो, पण भल्या पहाटे, वारा पडलेला असताना, आणि पाण्यानं भरलेले हंडे शेजारी मांडून. गावाच्या सगळ्याच तोंडांना गोडवा आला असं समजू नका. विहिरीवर अजून टोमणे असतात. मीही ऐकून घेत नाही, व्याजासकट परत करते.

रस्ता झाला, गाड्या वाढल्या. मालक कारखान्यात लागले. माझी पोर शाळेत जाते, घरात रेडिओ आहे, आणि कुकरमधला भात मला अजून बेचव लागतो. आंब्याच्या ओळीतली काही झाडं मेली, काही गुरांनी खाल्ली, जी राहिली ती शाळेच्या कौलांच्या वर गेली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पहिल्या कैऱ्या घेऊन मी वर वाडीला गेले. आबा आता फार थकलेत. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि पदर खोचून चुलीकडं निघाले. सून आहे मी त्या घरची, बसून कशी राहीन?

"कुटं चाललीस?" आबा म्हणाले. "हितं बस." त्यांनी स्वतः उठून, भिंतीला धरत धरत, पाहुण्यांचं घोंगडं आणलं. ओट्यावर अंथरलं. तांब्या भरून पाणी आणि वाटीत गूळ आणून माझ्यापुढं ठेवला.

मला झोंबलं. म्हटलं, "आबा, मी सगुना! सून हाय मी तुमची. पाव्हनी हाय का?"

"वळखतो की," ते म्हणाले. "लई वरसं वाट बघत हुतो हे घोंगडं टाकायची. तितं पाव्हनी आसतीस तर हितं चुलीपुढं बसवली आस्ती." एक कैरी उचलून त्यांनी बराच वेळ हुंगली. "खा गूळ."

मी गूळ खाल्ला. पाहुणीसारखी घोंगड्यावर बसून राहिले, जावेनं केलेला चहा घेतला, आणि निघताना त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी मला रीतीप्रमाणं विचारलं, "परत कवा येनार?"

गाडीत कंडक्टर आला. पोरगेला होता, आमची गाडी पहिल्यांदा सुटली तेव्हा पाटी घेऊन शाळेत जात असेल. "कुठं जायचं?"

"डोंगऱ्यांचा माळ," मी म्हटलं. "एक फुल."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. तिकीट फाडून हातात दिलं.